स्वयंपाकाच्या पुस्तकांचं फडताळ

पूर्णा म्हटलं की आता लोकांना गोदामंच आठवतात. ठाण्याहून भिवंडीला येताना काल्हेर सोडलं की दोन्ही बाजूंना पत्र्याच्या शेडी सुरू होतात. मुंबईत माल नेला की जकात पडायची, म्हणून व्यापाऱ्यांनी माल जकातीच्या बाहेर, आमच्या भाताच्या शेतांवर ठेवला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामं राहिलीच. मुंबई जवळ, नाशिकचा रस्ता जवळ, न्हावाशेवा बंदरही फार लांब नाही. साबणापासून टीव्हीपर्यंत सगळ्याला तिथं रॅक आहे, रॅकला नंबर आहे. अशा गावात राहून आपल्या घरातल्या वस्तूला नंबर नसावा, हे मला बरं वाटेना. म्हणून मी आमच्या घरातली स्वयंपाकाची पुस्तकं लावायला घेतली.

पुस्तकं माझी नाहीत, आमच्या मंडळींची. भिवंडीच्या रद्दीवाल्याकडून, ठाण्याच्या प्रदर्शनांतून, कुणाच्या लग्नातल्या आहेरातून अशी ती तीस-पस्तीस वर्षं जमत गेली. काही कपाटात, काही पिठाच्या डब्यामागं, काही गादीखाली. शिवाय कालनिर्णयच्या पानांमागच्या पाककृती कापून ठेवलेल्या, त्यांची वेगळी पिशवी.

आधी जागा ठरवली. आमच्याकडं पाऊस धो धो पडतो, खाडीचा दमटपणा वर्षभर असतो. बाहेरच्या भिंतीला ओल येते, म्हणून फडताळ आतल्या भिंतीला घेतलं आणि मागं चार बोटं जागा सोडली. चुलीजवळ ठेवायचं नाही, कारण तेलाच्या वाफेनं पान चिकट होतं आणि चिकट पानाला झुरळ लागतं. कसर लागते ती खळीला, म्हणजे जुन्या बांधणीच्या पुस्तकाला आधी. डांबरगोळ्या खाण्याच्या वस्तूंजवळ नकोत, म्हणून जुने लोक पोथ्यांत ठेवायचे तसं वेखंड फडक्यात बांधून ठेवलं. दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत पुस्तकं एकदा बाहेर काढायची, सावलीत उघडी ठेवायची. कडक उन्हात ठेवली तर कागद कडकडीत होऊन मोडतो.

मग प्रश्न आला क्रमाचा. मंडळी म्हणाल्या, गोडाची एकीकडं, मासळीची एकीकडं लावा. पण एकाच पुस्तकात सगळं असतं. शेवटी मापांवरून लावली. जुन्या पुस्तकांत शेर, पावशेर, तोळा. तोळा म्हणजे साडेअकरा ग्रॅमच्या थोडा वर, पण शेर मात्र मुलखाप्रमाणं बदलायचा. १९५६ च्या कायद्यानंतर हळूहळू किलो-ग्रॅम आले. त्यामुळं वरच्या फळीवर शेर-तोळ्याची पुस्तकं, मधल्या फळीवर वाटी-चमच्याची, खालच्या फळीवर ग्रॅम आणि मायक्रोवेव्हची. अशी लावली की कुठलं माप कुठल्या काळचं हे शोधावं लागत नाही.

आणि अशी लावली तेव्हाच त्यातला इतिहास दिसला. मराठीतलं पहिलं छापील पाकशास्त्र म्हणतात ते रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र', १८७५ चं. त्याच्या आधी रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकात 'भोजनकुतूहल' लिहिलं, पण ते संस्कृतात. तंजावरच्या सरफोजी राजांच्या मुदपाकखान्यातले पदार्थ लिहून ठेवले गेले, ते तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयानं जपले. १९१० च्या सुमारास लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' आलं. १९७० ला कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' आली आणि वाटी-चमच्याचं माप घरोघर गेलं. नव्या सुनेला रुचिरा द्यायची रीतच पडली. आमच्या मधल्या फळीवरची तिची प्रत इतकी वापरलेली आहे की हळदीच्या डागावरून पान सापडतं.

राजाचा मुदपाकखाना आला, पुण्या-मुंबईची घरं आली. आमची चूल मात्र वरच्या फळीवर कुठंच नाही, मधल्यावर एखाद-दुसरं पान. ज्या घरात अक्षर आधी पोचलं, त्या घरची चूल आधी छापली गेली. आमच्या आगरी घरांत आया-बायांना अक्षर उशिरा आलं. निवट्यांचं कालवण, चिंबोऱ्या, सुकट, वालाचं बिरडं, हळदीचे वडे हे सगळं हातातून हातात गेलं. आईला पुस्तक दाखवलं की ती म्हणायची, "पुस्तक वाचून कालवन व्हतं का रं? मीठ हाताला कलतं."

तिचं खरं होतं, पण हात जातो तेव्हा सगळंच जातं. शेवळांचंच बघा. पहिल्या पावसात माळावर शेवळं यायची. ती नीट साफ केली नाहीत, काकडांचा आंबट रस घातला नाही, तर घसा खाजून जीव नकोसा होतो. पूर्वी माळ दाराशी होता, पोरींना बघून बघून कळायचं. आता माळावर शेड आहे. शेवळं शहापूर-मुरबाडकडच्या कातकरी बायका बाजारात आणतात, आणि नव्या सुनांना ती घ्यायचं धाडस होत नाही.

म्हणून आमच्या मंडळींनी एका पावसाळ्यात आईसमोर बसून दोनशे पानी वही लिहिली. आई म्हणायची "एवढं". ते एवढं म्हणजे केवढं, म्हणून तिची मूठ तांदळानं भरून वाटीत ओतली, मग वाटी वाण्याच्या काट्यावर नेली. मसाल्याच्या मिरच्या, वालाला मोड यायला लागणारे दिवस, शेवळाचा कुठला भाग टाकायचा, सगळं उतरवलं. आईच्या बोलीत लिहिलं, शुद्ध केलं नाही.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. वहीला प्लास्टिकचं वेष्टण घातलं आहे. तिची झेरॉक्स प्रत लेकीकडं आहे, कारण एका घरात एकच प्रत ठेवली की पूर आणि वाळवी दोघांनाही सोपं जातं. सून मुंबईत नोकरीला आहे, ती पानांचे फोटो फोनमध्ये ठेवते. मागच्या ज्येष्ठात तिनं तिथल्या बाजारातून शेवळं आणून केली. घसा कुणाचाच खाजला नाही.

वहीला मी नंबर दिला आहे एक, आणि तिची जागा मधल्या फळीवर, रुचिराला लागून. वाटी-चमच्याच्या हिशेबानं ती तिथंच बसते. तिच्या शेजारी दोन वह्या मावतील एवढी जागा मोकळी सोडली आहे. शेजारच्या काकू ऐंशीच्या पुढं आहेत, त्यांचा सुक्या मासळीचा हात गावात नावाजलेला. मंडळींनी त्यांच्याकडं जायला सुरुवात केली आहे.