पुलाच्या फोटोतून निसटलेली माणसं

फोटो ‘सुधारण्याचा’ उद्योग आपल्याला वाटतो तितका नवा नाही. आकाश जास्त निळं करायचं, मधे आलेली तार पुसायची, कोपऱ्यातला नको असलेला माणूस काढून टाकायचा, हे आज शाळकरी मुलगाही मोबाइलवर करतो. पण आपल्या मुंबईत ही कला कॅमेऱ्याबरोबरच उतरली. आणि तिची खरी कसोटी लागली ती बोरघाटातल्या पुलांवर.

१८५४ मध्ये मुंबईत ‘बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी’ स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या कामात होते. त्यांचे बंधू नारायण दाजी स्वतः उत्तम फोटो काढत. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला आणि १८५६ मध्ये जीआयपी रेल्वेनं बोरघाट चढायला घेतला. कॅमेरा आणि घाटातले पूल या मुलखात असे जोडीनंच वाढले.

काम अवाढव्य होतं. जवळजवळ १६ मैलांत १८३१ फुटांची चढण, विसाहून जास्त बोगदे, आणि उल्हास नदीच्या खोऱ्याकडे उतरणाऱ्या घळींवर दगडी कमानींचे उंच पूल. १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट सोडलं नाही. जाणते इंजिनियर नेमून तिनं ते तडीस नेलं. एवढंच नव्हे, ही बाई फोटोही काढत असे आणि घाटाच्या या कामाचे फोटो तिनं काढले. त्या काळी दरीचा फोटो काढणं म्हणजे बिऱ्हाड हलवण्यासारखंच! काचेला रसायन लावायचं, ती ओली आहे तोवर कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत धुवायची. म्हणजे काळोखा तंबू, बाटल्या, पाणी, काचा, सगळं हमालांच्या डोक्यावरून घाटात न्यायचं.

त्यात त्या रसायनाची एक खोड होती. त्याला निळा रंग फार लवकर दिसे आणि हिरवा फार उशिरा. दरीतली झाडी नीट उमटावी म्हणून थांबावं, तर आकाश पांढरंफटक. मग छायाचित्रकार काचेवरचं आकाश रंग लावून झाकून टाकत, म्हणजे कागदावर ते निदान स्वच्छ तरी दिसे. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे यानं १८५० च्या दशकात समुद्राची एक काच आणि ढगांची दुसरी, अशा दोन काचा जोडून एक चित्र छापलं. लोकांनी वाहवा केली. मला यात काही गैर वाटत नाही. डोळ्याला जे ढग दिसले ते यंत्राला दिसले नाहीत, म्हणून कारागिरानं ते परत आणले.

पण दुसरी एक गोष्ट कुणी परत आणली नाही. काच कित्येक सेकंद उघडी राही. तेवढ्या वेळात जो हलला तो धूसर झाला, जो चालत गेला तो उमटलाच नाही. १८६१ च्या सुमारास घाटात चाळीस हजारांवर माणसं राबत होती. दगड वाहणारी, सुरुंग भरणारी, चुना मळणारी. कॉलऱ्यानं आणि तापानं त्यातली हजारो गेली. अशा फोटोत राहतो तो पूल, कारण तो हलत नाही. आणि पुलाची उंची कळावी म्हणून मुद्दाम उभं केलेलं एखादं माणूस. काम करणारा हलतो, म्हणून तो पुसला जातो. हे कुणी दुष्टपणानं केलं नाही, पण झालं ते असं.

त्याच मुंबईतल्या विल्यम जॉन्सन यानं १८६३ आणि १८६६ मध्ये इथल्या जातीजमातींच्या फोटोंचं दोन भागांचं पुस्तक काढलं. माणसं एकीकडे उभी करून टिपायची आणि मागचा देखावा दुसऱ्याच काचेवरून जोडायचा, ही त्यातली युक्ती. ज्या जागी माणसं राबली तिथून ती गायब, आणि जिथं ती कधी उभीच नव्हती तिथं हजर!

घाटाचा मार्ग १८६३ मध्ये खुला झाला. आणि जुलै १८६७ मध्ये त्यातला माऊ-की-मल्ली इथला पूल कोसळला. बाहेरून घडीव दगड आणि आतली भर निकृष्ट, असे दोष जीआयपीच्या त्या काळच्या बऱ्याच बांधकामांत निघाले. अनेक पूल पुन्हा बांधावे लागले. फोटोला दगडाचा चेहरा दिसतो, पोट दिसत नाही.

हे सगळं आठवायचं कारण आमचा वरळी कोळीवाडा. २००९ मध्ये सागरी सेतू झाल्यापासून किल्ल्याच्या बाजूनं त्याचा फोटो घ्यायला हौशी मंडळी येतात. भिंगावर काळी काच लावून कॅमेरा अर्धा-एक मिनिट उघडा ठेवतात. लाटा दुधासारख्या सपाट होतात. मधून गेलेली होडी उमटतच नाही, उमटली तरी धुरासारखी. दीडशे वर्षांपूर्वी जी अडचण होती, तिचीच आता नजाकत झाली आहे. मी कविता लिहिणारा माणूस. ओळ सुधारायची म्हणजे शब्द कमी करायचे, हे मलाही ठाऊक आहे. पण कुठला शब्द कमी केला, याची वही मात्र ठेवावी.

कारण इथं होडी ही नुसती शोभा नाही. कोस्टल रोड या सागरी सेतूला जोडताना क्लीव्हलँड बंदराच्या वाटेवर जे खांब यायचे होते, त्यांतलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. भरतीत, वाऱ्यात तेवढ्यातून बोट काढणं धोक्याचं, असं कोळी बांधव सांगत होते. त्यांची मागणी १६० मीटरची. काम अडलं, बैठका झाल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटरवर तोडगा निघाला. मधला एक खांब वगळण्यात आला. २०२४ मध्ये तिथं धनुष्यासारख्या लोखंडी कमानी बसल्या.

त्या कमानीचे सुंदर फोटो आता पुष्कळ निघतात, बहुतेक सूर्यास्ताचे आणि रिकाम्या पाण्याचे. ती कमान एवढी रुंद का, हे त्या फोटोंवरून कळणार नाही. ते ज्याला दाखवायचं असेल त्यानं काळी काच काढून ठेवावी, पहाटे बोटी बाहेर पडतात त्या वेळी यावं आणि कॅमेरा क्षणभरच उघडावा. लाटा खडबडीत येतील, आकाश फिकं येईल. कमानीखाली बोट दिसेल, आणि तिच्या दोन्ही बाजूंना किती पाणी उरलं तेही.