अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय, वडाळा

मुंबई महानगरपालिकेचे कुष्ठरुग्णालय. स्थापना नोव्हेंबर १८९०. मूळ नाव होमलेस लेपर असायलम, माटुंगा. तेव्हाचे पालिका आयुक्त हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ यांनी ते उभारले. मराठी वाचकाला हे नाव वेगळ्याच कारणाने परिचित असते: शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासोबत जमवलेला ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह त्यांनी १८९१ साली प्रसिद्ध केला.

महारोग्यांना वेगळे ठेवावे, हा आग्रह मुंबईत आधीपासून होता. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ची चित्रे काढणारे डॉ. हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नॉर्वेतील व्यवस्था पाहून आले होते आणि तशाच वसाहती इथे हव्यात असे सांगत होते. पुढे १८८९ साली हवाई बेटांवरील मोलोकाई वसाहतीत रोग्यांची सेवा करणारे फादर डेमियन याच रोगाने वारले आणि ब्रिटिश साम्राज्यभर भीती पसरली.

मुंबईत बंदोबस्त झाला तो मुख्यतः रस्त्यावर भीक मागणाऱ्यांचा. घरदार असलेले रोगी घरीच राहत. रोगाइतकीच गरिबीही नजरेआड करायची होती, असेच यावरून म्हणावे लागते. आत आलेल्यांकडून सांडपाण्यावरची शेती करून घेतली जाई. पहिल्या काळातील वैद्यकीय अधीक्षक डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांनी रुग्णांच्या तपशीलवार नोंदी ठेवल्या. हेच चोक्सी पुढे प्लेगच्या साथीत आर्थर रोड रुग्णालयात नावाजले.

गंमत अशी, की १८९०-९१ मध्ये हिंदुस्थानभर फिरलेल्या कुष्ठरोग आयोगाने रोगाची संसर्गक्षमता अगदी कमी ठरवली आणि सक्तीच्या विलगीकरणाची गरज नाकारली. तरीही १८९८ साली लेपर्स अ‍ॅक्ट झाला. निराधार रोग्याला पकडून आश्रमात डांबणे, खाद्यपदार्थ विकायला आणि सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला बंदी घालणे, हे सारे त्यात बसत होते.

डॅप्सोन या औषधामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावर चित्र पालटू लागले. बहुऔषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. रोग घरी राहून बरा होऊ लागल्यावर कुंपणाची गरज उरली नाही. रुग्णालय मात्र उपचार, शस्त्रक्रिया आणि संशोधनासाठी राहिले. आवारात २००३ पासून कुष्ठरोगाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. १८९८चा तो कायदा संसदेने रद्द केला २०१६ साली.