नवशिक्यांचे इंग्रजी : ढाका ते बंगळूर

भारतातील शाळांत इंग्रजी शिकवण्याची जुनी रीत व्याकरण आणि भाषांतर यांवर उभी होती. महाराष्ट्रात तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्या घडल्या. चिकाटीच्या विद्यार्थ्यांना ही रीत मानवली. मधूनच शाळा सोडणाऱ्या मुलाच्या हाती काय उरते, याचा विचार मात्र तिच्यात नव्हता.

तो विचार १९२०च्या दशकात ढाक्यात शिक्षकांना प्रशिक्षण देणाऱ्या मायकेल वेस्ट यांनी मांडला. मुदतीआधी मोडलेल्या विम्याचेही काही पैसे मिळतात. तसे अर्धवट सुटलेल्या शिक्षणाचेही मोल मुलाच्या पदरात पडावे, असे त्यांचे म्हणणे होते. बोलण्यापेक्षा वाचन लवकर साधते, म्हणून त्यांनी वाचनमाला रचली. तिच्यात नवे शब्द मोजकेच येत आणि पुढच्या मजकुरात पुन:पुन्हा भेटत.

स्वातंत्र्यानंतर वाक्यरचनांच्या तोंडी सरावाचा काळ आला. रचना सोप्याकडून अवघडाकडे जात, मुले त्या एका सुरात घोकत. मात्र घोकलेले वाक्य गरजेच्या वेळी ओठांवर येईलच याची खात्री नव्हती.

या उणिवेवरचा सर्वांत धीट प्रयोग १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील काही साध्या शाळांत झाला. तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. ब्रिटिश कौन्सिलच्या मद्रास कार्यालयातील एन. एस. प्रभू त्याचे सूत्रधार होते. व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांना कोडी दिली गेली: रेल्वेचे वेळापत्रक पाहून कोणती गाडी सोयीची ते ठरवणे, नकाशावरून वाट काढणे. आधी शिक्षक तसेच एक कोडे साऱ्या वर्गाला विचारत विचारत सोडवी. मग दुसरे कोडे मुले स्वतः सोडवत. निम्म्या वर्गाला निम्मे तरी जमावे, इतपतच ते अवघड असे. मूल मातृभाषेत बोलले तरी चाले. चुकीच्या वाक्यावर धडा न देता शिक्षक तेच नीट करून म्हणे. मुलांना गटात बसवणे प्रभूंनी टाळले, कारण नवशिक्यांना एकमेकांकडून कच्चेच इंग्रजी ऐकू आले असते. आजच्या शिक्षकांनीही या मुद्द्यावर थांबून विचार करावा.

एडिनबरो विद्यापीठाच्या ॲलन बेरेटा आणि ॲलन डेव्हिस यांनी प्रकल्पाचे मूल्यमापन केले. प्रकल्पातील मुलांची तुलना रचनांच्या सरावाने शिकणाऱ्या मुलांशी केली, तेव्हा प्रत्येक गट आपल्या पद्धतीच्या चाचणीत सरस ठरला. दोन्ही पद्धतींपासून अलिप्त अशा चाचण्यांत मात्र प्रकल्पातील मुले पुढे होती.

महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. पहिलीतील ही मुले अजून मराठी अक्षरेच गिरवत होती, त्यामुळे वेस्ट यांची वाचनमाला किंवा प्रभूंची वेळापत्रकाची कोडी त्यांना लगेच पेलणारी नव्हती. त्यांची सुरुवात गाणी, कृती आणि गोष्टी ऐकण्यापासूनच होऊ शकत होती.