मुळशीचा सत्याग्रह आणि क्षमेचा प्रश्न

पुण्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कडेला मुळा आणि नीला या नद्यांचे जे खोरे आहे, तेथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या अखेरीस टाटा कंपनीने मोठे धरण बांधण्याचे ठरविले. पूर्वेकडे भीमेला मिळावयाचे पाणी भिंत घालून अडवायचे, बोगद्यातून पश्चिमेला वळवायचे आणि कोकणातल्या भिरा येथे सुमारे पाचशे मीटर खाली सोडून त्यावर वीज निर्माण करायची, अशी ती योजना होती. ही वीज मुंबईसाठी, विशेषतः तेथील गिरण्यांसाठी हवी होती. खोपोलीचे वीजगृह १९१५ मध्येच सुरू झालेले असल्यामुळे घाटमाथ्यावरच्या पावसाचे पैशात रूपांतर कसे होते, हे मुंबईच्या भांडवलदारांना एव्हाना नेमके ठाऊक झाले होते. मुळशी त्या काळी पेटा होता. पेटा म्हणजे तालुक्याहून लहान असा महसुली विभाग. त्यातली पन्नासच्या आसपास गावे या योजनेत बाधित होणार होती आणि उठवल्या जाणाऱ्या माणसांची संख्या अकरा हजारांच्या घरात जात होती. खोऱ्याच्या तळाशी भातखाचरे होती, आंबेमोहोरासाठी नाव असलेली. डोंगरउतारावर नाचणी-वरई होई. पाण्याखाली जाणार होती ती अर्थातच तळाची, कसदार जमीन.

या जमिनीचा कसणारा एक आणि सातबारावरचा धनी बहुधा दुसरा होता. एकोणिसाव्या शतकातील कर्जबाजारीपणात मावळ्यांच्या जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या आणि मूळ मालक आपल्याच खाचरात कूळ, म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी, होऊन राहिला होता. कंपनीने जमिनीत चाचणीचे खड्डे खणले ते आगाऊ परवानगी न घेता. पण त्याने कूळ हादरले तितका सावकार हादरला नाही, कारण सावकाराला पैसे मिळायचे होते आणि कुळाला मिळायचा होता तो उठून जाण्याचा हुकूम. मुळशीच्या प्रसंगात अपराधी कोण, या प्रश्नाचे उत्तर सुरुवातीपासूनच असे विखुरलेले होते, आणि पुढे जो क्षमेचा पेच उभा राहिला त्याचे मूळ येथे शोधावे लागते.

अपराध्याला क्षमा करणे हा या प्रदेशात परका विचार नव्हता. देहू आणि आळंदी या खोऱ्यापासून फार दूर नाहीत. मावळातल्या गावांत हरिनाम सप्ताह, भजन आणि वारी यांची परंपरा जुनी आहे. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये क्षांतीचे, म्हणजे दुसऱ्याने दिलेला त्रास मनात विकार न आणता सोसण्याच्या वृत्तीचे, सविस्तर निरूपण आहे. सामान्य वारकऱ्याच्या मनात मात्र ही वृत्ती निरूपणापेक्षा कथेने रुजली. महिपतीने लिहिलेल्या संतचरित्रांमुळे घरोघर पोचलेली मंबाजीची कथा त्यांत सर्वांत परिचित म्हणावी लागेल. तुकोबांच्या म्हशीने बाग नासवल्याच्या रागाने मंबाजीने त्यांना काटेरी फांदीने झोडपले, आणि त्या रात्री तो कीर्तनाला आला नाही हे पाहून तुकोबाच त्याला बोलवायला गेले, मारून मारून त्याचे हात दुखत असतील म्हणून त्याचे अंग चेपू लागले. पैठणला एकनाथांच्या अंगावर वारंवार थुंकणाऱ्याची कथाही याच जातीची. या कथांत एक गोष्ट गृहीत असते आणि ती सहसा कोणी बोलून दाखवीत नाही : मारणारा ओळखीचा असतो, कुंपणापलीकडे राहतो, संध्याकाळी कीर्तनात त्याची जागा रिकामी दिसते. येथे क्षमा शेजाऱ्याला केली जाते आणि तिने शेजार पुन्हा जुळतो.

१६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला तेव्हा असहकाराची चळवळ देशभर पसरलेली होती. पांडुरंग महादेव बापट, विनायकराव भुस्कुटे, वासुदेव विठ्ठल दास्ताने, शंकरराव देव अशी मंडळी पुढे आली, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा झाली आणि मावळे कामाच्या जागी जाऊन बसू लागले. सत्याग्रह म्हणजे प्रतिपक्षाला दुखापत न करता, स्वतः क्लेश सोसून त्याचे मन वळविण्याचा प्रयत्न. त्यात मार खाऊन हात न उचलणे हे शिस्तीचे अंग असते, परंतु मारणाऱ्याविषयी मनात द्वेष न धरणे हे व्रताचे अंग असते, आणि दुसरे पहिल्याहून कितीतरी अवघड असते. गांधींनी त्याच महिन्यात मुळशीवर लेख लिहून टाटांना कायदेशीर हक्कावर अडून न बसता लोकांशी बोलण्याचे आवाहन केले. मे महिन्यात काम सहा महिन्यांसाठी थांबले, हे त्या सहनशीलतेचे पहिले आणि जवळजवळ एकमेव फळ.

मुदत संपताच सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा आधार घेतला आणि डिसेंबर १९२१ पासून सत्याग्रह पुन्हा पेटला. कायदा हा मोठा विलक्षण प्रतिपक्षी आहे, त्याला शिवी लागत नाही आणि दयाही येत नाही. मावळा ज्याच्यासमोर आडवा पडे तो कुदळ-फावडे घेतलेला मजूर असे, म्हणजे पोटासाठी आलेला, बहुधा त्याच्याइतकाच गरीब माणूस. निर्णय घेणारे संचालक मुंबईत, अधिसूचना काढणारा अधिकारी कचेरीत, मोबदल्याची वाट पाहणारा सावकार पुण्यात आपल्या वाड्यात. द्वेष न धरण्याचे व्रत ज्यांच्याबाबत पाळायचे ते अपराधी नव्हते आणि जे अपराधी होते ते क्षमा मागायलाच काय, तोंड दाखवायलाही मुळशीच्या चिखलात येणार नव्हते. मंबाजीच्या कथेतला शेजार येथे मुळातच नव्हता.

तो शेजार थोडाफार सापडला तो येरवड्याच्या तुरुंगात. मुळशीचे सत्याग्रही कैदी नेमून दिलेले काम पुरे करीत नाहीत म्हणून त्यांपैकी काहींना फटक्यांची शिक्षा झाली. शंकरराव देवांनाही फटके बसले. फटके म्हणजे कैद्याला तिकाटीला बांधून उघड्या अंगावर वेताने मारणे. दास्ताने आणि देव यांनी त्याविरुद्ध अन्नत्याग केला. त्या वेळी गांधी त्याच तुरुंगात होते. त्यांनी परवानगी मिळवून या दोघांची भेट घेतली आणि उपोषण सोडायला लावले. सुटकेनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुरुंगातील अनुभवांत त्यांनी हा प्रसंग नोंदविला आहे, आणि सत्याग्रही कैद्याने नेमलेले काम प्रामाणिकपणे करावे, हा आग्रह त्यांनी फटक्यांचा निषेध करतानाही सोडलेला नाही. ज्यांच्या पाठीवर वळ उठले त्यांना हा न्याय कडू लागला असल्यास नवल नाही. तरीही गांधींच्या भूमिकेत एक सुसंगती होती : ज्याने मारले त्याचा दोष मोजण्याआधी सत्याग्रहीने स्वतःचे आचरण तपासावे, नाही तर सहन करणे हीसुद्धा एक प्रकारची कुरघोडीच ठरते.

बापटांचा मार्ग निराळा होता. १८८० मध्ये पारनेरला जन्मलेला हा माणूस शिष्यवृत्तीवर एडिंबरोला गेला होता, पॅरिसमध्ये बाँब करण्याची विद्या शिकून आला होता आणि अहिंसेला त्याने अंतिम तत्त्व म्हणून कधीच मान्यता दिली नव्हती. त्याने मांडलेल्या ‘शुद्ध सत्याग्रहा’त हेतू निःस्वार्थ असेल आणि करणारा परिणाम भोगायला उघडपणे तयार असेल, तर बळाचा वापर वर्ज्य नव्हता. १९२४ च्या अखेरीस त्याने काही साथीदारांसह रुळांवर दगड रचून धरणाच्या कामावरची रेल्वे अडवली, शस्त्र चालवले, आणि मग पळून न जाता स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. सात वर्षांची सजा झाली. ‘सेनापती’ ही पदवी त्याला याच लढ्याने दिली. आपण केलेल्या अपायाची किंमत स्वतः मोजण्याची ही तयारी दुर्मीळ आहे आणि तिचा आदर व्हायला हवा. परंतु त्या रुळांवर ज्यांना इजा झाली ते पुन्हा कामावरचेच लोक होते. क्षमा ज्यांच्या वाट्याला चुकून आली होती त्यांच्याच वाट्याला शेवटी रागही आला. बापटांनी शिक्षा भोगून सरकारशी हिशेब पुरा केला असेल, जखमी माणसांशी तो कसा पुरा व्हावा, याचे उत्तर त्यांच्या सिद्धांतात नाही.

त्यापूर्वीच चळवळीतला जीव ओसरला होता. बहुतेक जमीनधारकांनी मोबदला स्वीकारला होता, धरण बरेच वर आले होते, आणि पुढारीच पूर्ण अहिंसा मानीत नाही, अशा कारणांनी गांधींनीही लढा पुढे चालविण्यास अनुकूलता दाखविली नाही. मोबदला मालकाला मिळाला, कूळ रिकाम्या हाताने वरच्या डोंगरावर सरकले. १९२७ मध्ये भिऱ्याचे वीजगृह सुरू झाले आणि मुंबईचे माग मुळशीच्या पावसावर फिरू लागले. पुढच्या पिढ्यांतील राजकीय भाषणांत मुळशीच्या मावळ्यांच्या त्यागाचा गौरव भरपूर झाला. ‘त्याग’ म्हटले की घेणारा सुटतो, कारण दिलेल्या वस्तूसाठी कोणी माफी मागत नाही. वास्तविक मावळ्यांनी जमीन दिली नव्हती, ती घेतली गेली होती. सत्याग्रहाला शंभर वर्षे होऊन गेल्यावरही धरणाच्या काठावरची गावे पिण्याच्या पाण्यासाठी आणि घराखालच्या जागेच्या मालकीसाठी अर्ज करीत आहेत, आणि हे अर्ज क्षमेचे नसून हक्काचे आहेत.