मॅक्स डेव्हिडसन : हसू कोणाचे, पडदा कोणाचा?

प्रस्थापित समाज परक्याला माणूस म्हणून स्वीकारण्याआधी त्याचे सोंग काढतो. 1880 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून सुमारे 20 लाख ज्यू अमेरिकेत आले. तेथील रंगमंचावर त्यांचे सोंग ठरून गेले होते : दाढी, कानापर्यंत ओढलेली टोपी, ढगळ कोट, मोडके इंग्रजी आणि पैशाचा लोभ. हे सोंग ज्यू नटांनीही वठवले, कारण पोट त्यावरच होते. त्याविरुद्ध ज्यूंची संघटित चळवळ 1913 पासून उभी राहिली.

मॅक्स डेव्हिडसन याच परंपरेतला नट. जन्म बर्लिनचा, 1875 चा. 'द रॅग मॅन' (1925) मध्ये तो चिंध्या-भंगार विकणारा गरीब म्हातारा आहे. अनाथ पोराला तो आसरा देतो. 1927-28 मध्ये हॅल रोचने त्याला नायक करून लघुपटांची मालिका काढली. 'पास द ग्रेव्ही' (1928) मध्ये त्याचा पोरगा कोंबडीचे पैसे खिशात घालतो आणि शेजाऱ्याचाच बक्षीसपात्र कोंबडा कापतो. तो शेजारीच जेवायला आलेला, शिजलेल्या तंगडीला पहिल्या बक्षिसाची चिठ्ठी तशीच, आणि मुलीचे लग्न त्याच घरात ठरलेले! येथे हसू ज्यूपणाचे नाही, कात्रीत सापडलेल्या बापाचे आहे. सोंगात माणूस शिरला तो असा, आणि हेच मला महत्त्वाचे वाटते.

त्याच वर्षी मालिका थांबली. बोलपट येत होते, हे एक कारण. पण वितरक एम.जी.एम.मधील ज्यू धुरीणांनाच हे पात्र लाजिरवाणे वाटले, असे अनेक अभ्यासक मानतात. या कंपनीचा स्टुडिओप्रमुख लुई मेयर स्वतः रशियन साम्राज्यातून आलेल्या निर्वासित कुटुंबातला. बापाच्या भंगाराच्या धंद्यात राबलेला!

माझ्या विद्यार्थ्यांपुढे मी येथे एक फरक मांडतो. अपमानित माणसाने आपले विडंबन नाकारणे वेगळे. वर गेलेल्याने आपल्यातल्या गरिबाला दृष्टीआड करणे वेगळे. पहिल्यात स्वाभिमान आहे, दुसऱ्यात भीती. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्यानंतरच्या काही वर्षांत हॉलिवूडच्या पडद्यावरून ज्यू पात्रे जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे ज्या वेळी ज्यू हा हाडामांसाचा माणूस आहे हे दाखवण्याची सर्वाधिक गरज होती, नेमके त्याच वेळी.

डेव्हिडसन पुढे किरकोळ, बहुधा बिननावाच्या भूमिका करीत राहिला. 1950 मध्ये तो वारला. 1998 मध्ये 'पास द ग्रेव्ही' अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेला. सन्मान झाला, पण पडदा ज्याच्या मालकीचा, हसण्याची मर्यादा त्यानेच ठरवली, हे विसरून चालणार नाही.