दुभाषी लोखंड : गिटारच्या अँप्लिफायरचें एक प्रकरण

यंत्रांच्या इतिहासांत मानाचें पान सहसा नव्या शोधाला मिळतें. जुन्या शोधाची योग्य ठिकाणीं योजना करणाऱ्या कारागिराला तें क्वचितच लाभतें. इलेक्ट्रिक गिटारच्या व्हाल्व्ह अँप्लिफायरमधील आउटपुट ट्रॅन्स्फॉर्मरची कथा या दृष्टीनें बोधप्रद आहे. असे अँप्लिफायर घरीं बांधणारे हौशी लोक आजहि पुष्कळ आहेत, आणि त्यांस हटकून एकच प्रश्न पडतो : सर्वोत्तम ट्रॅन्स्फॉर्मर कोणता? हा प्रश्नच मुळांत अपुरा आहे, असें आम्हांस वाटतें. आणि या मताला इतिहासाचा आधार आहे.

या वस्तूचें काम दुभाष्याचें. व्हाल्व्हची भाषा मोठ्या दाबाची व अल्प प्रवाहाची. स्पीकरला अल्प दाब व मोठा प्रवाह हवा. लोखंडी गाभ्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळून या दोघांचें संभाषण घडवितां येतें. त्याचें मूळ तत्त्व मायकेल फॅरडेनें १८३१ सालीं प्रयोगानें दाखविलें. वेढ्यांच्या प्रमाणाचा वर्ग केला म्हणजे रोधांचें प्रमाण मिळतें. व्हाल्व्हांच्या जोडीस ४००० ओहमचा भार हवा आणि स्पीकर ८ ओहमचा असेल, तर रोधांचें प्रमाण ५०० येतें. म्हणजे वेढे सुमारें २२ ला १. त्याच टोकांना १६ ओहमचा स्पीकर जोडला कीं व्हाल्व्हांस ८००० ओहम भासूं लागतात. सारांश, ट्रॅन्स्फॉर्मरला स्वतःचा असा ठराविक रोध नसतो. तो स्पीकरवरून ठरतो.

१९४७ सालीं डी. टी. एन. विल्यमसन यांनीं 'वायरलेस वर्ल्ड' मासिकांत आपला प्रसिद्ध अँप्लिफायर मांडला. मूळ ध्वनींत तिळमात्र फरक पडूं नये, हें त्याचें ध्येय. त्यांतील फीडबॅकच्या फेऱ्यांत ट्रॅन्स्फॉर्मरहि येत असल्यामुळें तो अत्यंत काळजीपूर्वक गुंडाळलेला असणें भाग होतें. ध्वनिमुद्रित संगीत ऐकण्यास ही कसोटी योग्यच होय. परंतु गिटारवादकाचा अँप्लिफायर हा वाद्याचाच अर्धा भाग आहे. त्यानें ध्वनि नुसता पोंचवावयाचा नसून घडवावयाचाहि असतो.

याचें उत्तम उदाहरण लंडनमध्यें सांपडतें. लिओ फेंडर यांच्या कंपनीनें १९५२ सालीं बास गिटारसाठीं 'बासमन' हा अँप्लिफायर काढला. त्याच्या पुढील एका आवृत्तींत दहा इंची चार स्पीकर होते व त्यांचा एकत्रित भार २ ओहम होता. १९६२ सालीं हॅनवेल येथील जिम मार्शल यांच्या दुकानांत केन ब्रॅन व डडले क्रेव्हन यांनीं याच मंडलाचा कित्ता गिरविला. मात्र भाग इंग्लंडांत मिळणारे घेतले : रेडिओस्पेअर्सचा आउटपुट ट्रॅन्स्फॉर्मर, आणि बंद पेटींत सेलेस्चनचे बारा इंची चार स्पीकर. कित्ता एक, पण अक्षर निराळें उमटलें! पुढें 'जेटीएम ४५' या नांवानें तो स्वर गाजला. श्रेय एकट्या ट्रॅन्स्फॉर्मरचें नव्हे. परंतु तो सर्वगुणसंपन्न नसूनहि या मेळांत चपखल बसला, हें विसरून चालणार नाहीं.

घरीं बांधणाऱ्यानें यांतून काय घ्यावें? प्रथम व्हाल्व्ह व स्पीकर ठरवावे, मग ट्रॅन्स्फॉर्मर. व्हाल्व्ह एकच असेल, तर त्यांतून वाहणारा एकदिश प्रवाह गाभ्याला चुंबकत्वानें भारून टाकतो. म्हणून गाभ्यांत हवेची फट ठेवलेली असावी लागते. दोन व्हाल्व्ह आळीपाळीनें ओढत असतील, तर ते प्रवाह एकमेकांस मारतात व फटीची गरज उरत नाहीं. गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारें ८२ वेळां कंप पावते, बास गिटारची ४१ वेळां. वेढे व शक्ति तींच असतां कंपनें निम्मीं झालीं कीं गाभ्यावरील चुंबकीय ताण दुप्पट होतो. म्हणून बासला मोठा गाभा हवा. गिटारला तेवढ्या वजनाचें ओझें नको.

एक गोष्ट मात्र कोणत्याहि निवडीस लागू आहे. स्पीकर जोडल्यावांचून असें यंत्र वाजवूं नये. ऐकणाराच नसला म्हणजे दुभाष्यावर अनावर दाब चढतो, आणि तारेवरील आवरण फुटून महागाचा ट्रॅन्स्फॉर्मर क्षणांत निकामी होऊं शकतो.