समाक्ष केबलीतील वेगगुणक : मापनाचा इतिहास

केबलीतून जाणाऱ्या विद्युत् चुंबकीय तरंगाचा वेग व निर्वातातील प्रकाशाचा वेग यांच्या गुणोत्तरास त्या केबलीचा वेगगुणक म्हणतात. तो दोन संवाहकांमधील निरोधकावर अवलंबून असतो. भरीव पॉलिएथिलिनाच्या बाबतीत तो सु. ०·६६ असतो. समाक्ष संवाहकाचे एकस्व ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये घेतले. परंतु उच्च कंप्रतेच्या संदेशवहनात त्याचा खरा उपयोग एस्पेनशीड व ॲफेल यांच्या १९२९ मधील अमेरिकेतील कार्यानंतरच होऊ लागला.

मापनाची प्रचलित रीत साधी आहे. केबलीत अरुंद स्पंद सोडून दूरच्या टोकावरून येणारा त्याचा प्रतिध्वनी दोलनदर्शकावर, म्हणजेच ऑसिलोस्कोपवर, पाहतात. टोक उघडे असल्यास परतलेला स्पंद सुलट, तर दोन्ही संवाहक एकमेकांस जोडलेले असल्यास उलटा दिसतो. २० मी. केबलीत स्पंदास जाऊन येण्यास सु. २०२ नॅनोसेकंद लागतात. तेवढे अंतर प्रकाश निर्वातात सु. १३३ नॅनोसेकंदांत तोडतो.

हेच तत्त्व रेडिओ ज्योतिषशास्त्रात निर्णायक ठरले. अनेक आकाशकांचे संकेत एकत्र आणताना जोडमार्गांची विद्युत् लांबी अचूक ठाऊक नसेल, तर आकाशाचे चित्रच बिघडते. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात ब्रेसवेल यांच्याकडे काम करीत असताना यांग यांच्यासह एक पद्धती बसविली व ती १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक आकाशकापाशी परावर्तनावर खूण उमटवून जाण्यायेण्याच्या मार्गातील कलाबदल मोजला जाई. येथे स्पंदाऐवजी कला आहे, एवढाच फरक. जगातील अनेक व्यतिकरणमापकांनी पुढे ही पद्धती स्वीकारली.

स्वरूप यांच्याच कल्पनेतून पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मी. व्यासाच्या ३० आकाशकांची महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिण उभी राहिली. तिचे संचालन पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र करते. मूळ रचनेत संकेत आकाशकाच्या नाभीपासून पायथ्यापर्यंत समाक्ष केबलीने व तेथून मध्यवर्ती इमारतीपर्यंत प्रकाशीय तंतूने येत. तंतूतही वेग प्रकाशवेगाच्या सु. दोनतृतीयांशच असतो, म्हणून १४ किमी. तंतूत सु. ७० मायक्रोसेकंद विलंब होतो व तो हिशेबात घ्यावा लागतो. यात केबलीवरील छापील वेगगुणकावर भिस्त ठेवणे धोक्याचे. कारण लांबीतील एका मीटरची चूक सु. ५ नॅनोसेकंदांची होते. ३२ मेगॅहर्ट्‌झ पट्टरुंदीच्या मूळ यंत्रणेत ती काहीशी निभावून जाई. ४०० मेगॅहर्ट्‌झपर्यंतच्या सुधारित यंत्रणेत तिचा परिणाम कितीतरी अधिक जाणवतो.